बाबांच्या पीसीला फुकटातला अँटीव्हायरस कोणता टाकू?

नऊ_बावन्नची_फास्ट

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आता गळ्याशी आलं म्हणून पहिला धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आई-बाबा लालबागला, मी ठाण्याला. बाबा निवृत्त, म्हणून साहजिकच सोसायटीचे सेक्रेटरी. मेंटेनन्सची बिलं, एजीएमची इतिवृत्तं, पाण्याच्या टँकरचा हिशेब, शिवाय माझ्या बारशापासूनचे स्कॅन केलेले फोटो, सगळं एकाच पीसीवर. पीसी २०१८ साली लॅमिंग्टन रोडवरून जुळवून घेतलेला. सातव्या पिढीचा आयथ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. गेल्या वर्षी फार हळू झाला म्हणून घराजवळच्या एका दुकानातून फॉरमॅट करून आणला. त्याने ३० दिवसांचा कुठलातरी ट्रायल अँटीव्हायरस टाकून दिला. तो महिन्याभरात संपला आणि तेव्हापासून रोज लाल खिडकी: मुदत संपली, पैसे भरा.

पैशांचं म्हणाल तर बाबा म्हणतात, काम सोसायटीचं, मग अँटीव्हायरस सोसायटीने घ्यावा. कमिटी म्हणते, कॉम्प्युटर तुमच्या घरात आहे. विषय एका एजीएममध्ये निघाला आणि पुढच्या एजीएमवर गेला. तोवर बजेट शून्य.

अव्हास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर ही नावं ऐकून आहे. यातला कुठला टाकू? हल्ली खाली उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, ताबडतोब स्कॅन करा' असंही सारखं येतं. बाबा घाबरून पीसीचं बटणच दाबून बंद करतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चौथी_सीट

काही टाकू नका. आहे ते काढा.

विंडोज १० मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस आधीपासून आहे, फुकट आहे आणि घरच्या वापराला पुरतो. विंडोज ७ च्या काळात डिफेंडर नावाचं जे होतं ते फक्त स्पायवेअर बघायचं, व्हायरससाठी मायक्रोसॉफ्टचंच सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळं उतरवून घ्यावं लागे. 'विंडोजचं काही कामाचं नाही, वरून काहीतरी टाकावंच लागतं' ही समजूत तेव्हाची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून पूर्ण अँटीव्हायरस आतच येतो.

दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. त्या दुसऱ्याची मुदत संपली की डिफेंडरने नियमाप्रमाणे परत ताबा घ्यायला हवा, पण मेलेला ट्रायल खुर्ची अडवून बसला तर दरवेळी ते घडतंच असं नाही. म्हणून आधी तो ट्रायल मुळापासून काढा. कंट्रोल पॅनलमधून काढून थोडे अवशेष राहतात, त्यासाठी बहुतेक कंपन्या आपलं रिमूव्हल टूल त्यांच्याच साइटवर ठेवतात. ते चालवा, रीस्टार्ट करा, मग विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण दिसते का ते सांगा.

दादर_टीटी

चौथी_सीट यांच्याशी असहमत. दहा वर्षं अव्हास्ट फ्री वापरतोय, एकदाही व्हायरस आला नाही. डिफेंडर म्हणजे बिल्डरने फ्लॅटसोबत दिलेलं कुलूप. चालतं, पण कोणी त्याच्या भरवशावर गावाला जातं का?

अंधेरी_लोखंडवाला

दादर_टीटी, व्हायरस आला नसेल, पण तुमची माहिती गेली असेल त्याचं काय? अव्हास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगचा तपशील विकत होती. जानेवारी २०२० मध्ये ते वर्तमानपत्रांत आलं आणि त्यांनी जंपशॉट बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. जी वस्तू आपण पाळतीपासून वाचायला घेतो तिनेच पाळत ठेवावी, याहून काय बोलायचं.

आणि धागाकर्तीने चार नावं दिलीत त्यांतली तीन एकाच घरातली. एव्हीजी २०१६ मध्ये अव्हास्टने घेतली. अविरा नॉर्टनवाल्यांनी घेतली. २०२२ मध्ये नॉर्टनवाले आणि अव्हास्ट एक झाले, आता कंपनीचं नाव जेन डिजिटल. नॉर्टन धरून दुकानं चार, गल्ल्यावर शेठ एकच.

दादर_टीटी

मान्य, ते प्रकरण वाचलं होतं. पण ते बंद केलं ना त्यांनी? आज काय खोट आहे ते सांगा.

अंधेरी_लोखंडवाला

व्हायरस पकडण्यात खोट नाही, चांगले गुण असतात. खोट आहे ती खिडक्यांची. व्हीपीएन घ्या, क्लीनर घ्या, तुमचा पीसी २३ टक्के मंद आहे, आजच्या दिवस सूट. तुम्ही-आम्ही ते बंद करतो. सत्तरीतला माणूस प्रत्येक खिडकी खरी समजतो. ज्या घरात खिडक्यांची भीती हाच आजार आहे तिथे आणखी खिडक्या उघडणारं औषध कशाला?

सदाशिव_पेठी

परदेशी नावांची आरती चाललीय म्हणून आठवण करून देतो: क्विक हील पुण्याची. काटकर बंधूंची. थोरल्या भावाचं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून सुरुवात, आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी. मराठी माणसाने जगाला विकलेलं सॉफ्टवेअर.

अंधेरी_लोखंडवाला

पेठी, अभिमान आम्हालाही आहे. धागा फुकटाचा आहे. क्विक हीलचा घरच्या पीसीला ट्रायल मिळतो, कायमचा फुकट नाही. आणि एस्कॅन आमच्या अंधेरीची, तेही राहू द्या.

सदाशिव_पेठी

फुकट हवं असेल तर सायबर स्वच्छता केंद्र बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा उपक्रम, २०१७ पासून आहे, आणि तिथे देशी कंपन्यांची बॉट (पीसीचा गुपचूप ताबा घेणारे प्रोग्राम) काढायची टूल फुकट मिळतात. कायमचा राखणदार नाही, एकदाची झाडलोट म्हणून उपयोगी. पुणेकर फुकटाची माहितीही फुकट देतात, याची नोंद घ्यावी.

पेंग्विनप्रेमी

विंडोज काढा, त्याजागी लिनक्स मिंट टाका. विषय संपला.

नऊ_बावन्नची_फास्ट

पेंग्विनप्रेमी, बाबांनी एक्सेलमध्ये केलेले मॅक्रो तुम्ही येऊन बदलून देणार का? लालबागला चहा मिळेल.

चौथी_सीट, ट्रायल काढला. रिमूव्हल टूल चालवल्यावर दोनदा रीस्टार्ट झाला. डिफेंडर चालू दिसतोय, हिरवी खूण आहे, क्विक स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. पण उजव्या कोपऱ्यातले ५ व्हायरस अजून येतायत. आता ७ झालेत!

कुर्ल्याचा_पिंटू

ताई, तो जो डबा येतो ना कोपऱ्यात, त्याच्यात बारीक करड्या अक्षरात कुठल्या साइटचं नाव असतं. ते वाचा आणि इकडे टाका. स्कॅनचं बटण दाबू नका.

नऊ_बावन्नची_फास्ट

व्हिडिओ कॉलवर बाबांना भिंग घेऊन वाचायला लावलं. वर एका प्रसिद्ध कंपनीच्या चिन्हासारखी लाल ढाल. खाली 'क्रोम' आणि त्याच्या बाजूला निरर्थक अक्षरांची साइट, शेवट डॉट एक्सवायझेडने.

कुर्ल्याचा_पिंटू

बस. व्हायरस नाही तो, जाहिरात आहे. बाबांनी कधीतरी कुठल्यातरी साइटला 'अलाऊ' दिलंय, ती साइट आता क्रोमच्या नोटिफिकेशनमधून रोज दारात येऊन ओरडते. माझ्याकडे दहा पीसी आले की त्यात चार-पाच हेच असतं. लोक म्हणतात फॉरमॅट मारा. कशाला? क्रोमची सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे अलाऊवाल्या यादीत जे ओळखीचं नाही ते उडवा. वर एक पर्याय असतो, कुठल्याच साइटला नोटिफिकेशन विचारू देऊ नको असा. तोही लावून टाका. सेक्रेटरी काकांना कुठल्या साइटचं नोटिफिकेशन पायजे?

नऊ_बावन्नची_फास्ट

यादीत ११ साइट निघाल्या. अकरा! बाबांना विचारलं तर आठवेना. मग आई आतून म्हणाली, 'गणपतीच्या आधी ते आरतीसंग्रहाची पीडीएफ शोधत होते, तेव्हा सारखं काहीतरी दाबत होते.' एका पानावर म्हणे लिहिलं होतं, 'तुम्ही रोबो नसाल तर अलाऊ दाबा.' बाबांचं म्हणणं, मी रोबो नाहीच, मग दाबलं तर काय चुकलं?

सगळ्या उडवल्या. संध्याकाळपासून कोपरा शांत आहे. पिंटूदादा, तुमचे उपकार.

चौथी_सीट

पिंटूने मुद्द्यावर बोट ठेवलं. हे कुठलाही अँटीव्हायरस थांबवेलच असं नाही, कारण परवानगी आपण दिलेली असते.

आता एक शंका. त्या दुकानाने फॉरमॅट केल्यानंतर वर्षभरात स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही, हे मला जरा जास्तच गोड वाटतंय. एक चाचणी करा. आयकार नावाची एक फाइल असते, ६८ अक्षरांची एक ओळ. तिच्यात व्हायरस नाही, पण जगातल्या अँटीव्हायरस कंपन्यांनी ठरवलंय की ही ओळ दिसली की आरडाओरडा करायचा. इमारतीत अग्निशमनाची ड्रिल करतात ना, तसं. आयकारच्या साइटवरून ती ओळ नोटपॅडमध्ये चिकटवा, डेस्कटॉपवर सेव्ह करा. क्षणात डिफेंडरने फाइल उचलून नेली पाहिजे.

दादर_टीटी

ही फाइल माहीत नव्हती. माझ्याकडे करून पाहिली, अव्हास्टने सेव्ह होता होताच झडप घातली. वाचनखूण साठवली आहे.

नऊ_बावन्नची_फास्ट

शनिवारी लालबागला येऊन केलं. फाइल सेव्ह केली. काही नाही. पाच मिनिटं बघत बसलो, चहा झाला, फाइल डेस्कटॉपवर तशीच. उजव्या क्लिकने मुद्दाम स्कॅन केली तरी म्हणतो, धोका आढळला नाही. हिरवी खूणही तशीच! आता मीच घाबरलेय.

चौथी_सीट

वाटलंच. घाबरू नका, पण पीसीवर आत्ता बँकेचं काही करू नका.

विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, अगदी तळाला एक्सक्लूजन्स, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागा. त्या यादीत काय आहे?

नऊ_बावन्नची_फास्ट

एकच ओळ आहे. सी, कोलन, तिरकी रेघ.

चौथी_सीट

म्हणजे अख्खी सी ड्राइव्ह. वॉचमन ठेवलाय, गणवेश आहे, शिट्टी आहे, रजिस्टरवर सहीपण रोज होते. फक्त त्याला सांगून ठेवलंय की ए विंगपासून डी विंगपर्यंत कुठेही फिरकू नकोस.

पिंटू, हे कसं होतं ते तूच सांग.

कुर्ल्याचा_पिंटू

सांगतो. शिव्या नका देऊ.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं फॉरमॅट करून दे, ओरिजिनल विंडोजचे पैसे देणार नाही. दुकानवाला मग पायरेटेड विंडोज टाकतो आणि ॲक्टिव्हेटर चालवतो, म्हणजे चोरीचं विंडोज ओरिजिनल भासवणारं टूल. डिफेंडर तो ॲक्टिव्हेटर लगेच पकडतो, हॅकटूल म्हणून. मग पोरं काय करतात, आधी डिफेंडर बंद, ॲक्टिव्हेटर चालवायचा, परत उडू नये म्हणून एक्सक्लूजन. शहाणं पोरगं एका फोल्डरचं टाकतं. घाईतलं पोरगं सगळ्या सी ड्राइव्हचं. दुकानात लाइन असते, कोण बघतो?

हे ॲक्टिव्हेटर येतात कुठून ते कोणालाच माहीत नसतं. काहींसोबत दुसरं पण काहीतरी आत येतं. मी बंद केलं चार वर्षांपूर्वी. गिऱ्हाईक कमी झालं थोडं, रात्री झोप लागते. काका खोटं बोललेत असं नाही म्हणत, पण फॉरमॅटच्या वेळी 'ओरिजिनल ठेव' असं बोलले होते का?

नऊ_बावन्नची_फास्ट

बाबा म्हणतात, 'मी म्हटलं होतं जे काय होतं तेच टाक.' २०१८ चं बिल त्यांच्या फायलीत सापडलं (सेक्रेटरी आहेत, बिलं सापडतातच). त्यावर विंडोज १० होम, वेगळी ओळ, वेगळे पैसे. आणि आता पीसीवर लिहिलेलं येतं विंडोज १० प्रो. म्हणजे घरचं अस्सल काढून वर चोरीचं बसवलं!

एक्सक्लूजनची ओळ काढली. काढल्या काढल्या डेस्कटॉपवरची ती आयकार गायब. मग चौथी_सीट यांनी खाजगी निरोपात सांगितलेला ऑफलाइन स्कॅन केला, तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो. पंधरा-वीस मिनिटं निळा पडदा. दोन गोष्टी सापडल्या: एक हॅकटूल, आणि एका 'फुकट पीडीएफ कन्व्हर्टर'सोबत आलेलं ॲडवेअर, म्हणजे जाहिराती घुसवणारा प्रोग्राम.

चौथी_सीट

दोनच सापडल्या हे उत्तम, पण वर्षभर दार सताड उघडं होतं. मी असतो तर या विंडोजवर विश्वास ठेवला नसता. फोटो आणि एक्सेल बाहेरच्या डिस्कवर काढा, फक्त तेवढंच, कुठलेही सेटअप नकोत. आणि पासवर्ड बदला, पण या पीसीवरून नाही, तुमच्या मोबाइलवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. ईमेल हातात असला की बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट करता येतात, म्हणून तो पहिला.

मग नवं विंडोज. २०१८ मध्ये अस्सल होम घेतलं होतं ना, मग त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असणार. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. बसवताना प्रॉडक्ट की विचारली तर 'प्रॉडक्ट की नाही' म्हणा, आवृत्ती होमच निवडा. नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट व्हायला हवं. प्रो निवडलंत तर होणार नाही.

उरणकर

प्रतिसाद देणार नव्हतो, पण बॅकअपचा विषय निघाला म्हणून.

जून २०१७. नॉटपेट्या नावाचा व्हायरस. जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कारण ते चालवणाऱ्या जागतिक कंपनीची यंत्रणाच बंद पडली होती. मी तेव्हा वाहतुकीत होतो. ट्रेलरची रांग कुठवर गेली ते आठवलं तरी घाम येतो. आत कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे संगणकालाच माहीत, आणि संगणक बोलेना. न्हावा-शेव्यात कोणी चुकीचं बटण दाबलं नव्हतं. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती.

त्याआधीच्या महिन्यात वॉनाक्राय आला, तो रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा. दोघांनी वापरलेलं विंडोजमधलं भोक मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवलं होतं. ज्यांनी अपडेट 'उद्या करू' म्हणून ठेवलं त्यांना वॉनाक्रायने गाठलं. तेव्हापासून घरी नियम: अपडेट आलं की चहा प्या आणि होऊ द्या. आणि बाहेरची डिस्क बॅकअप झाल्यावर काढून कपाटात. जोडलेली ठेवलीत तर फायली कुलूपबंद करणारा तिलाही कुलूप लावतो.

अंधेरी_लोखंडवाला

उरणकर, +१. अपडेटवरून आठवलं, पहिल्याच पोस्टमध्ये विंडोज १० आहे आणि कोणी बोललं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर तीही फुकट. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते.

डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. यावर हुरळून जाऊ नका. राखणदाराला चोरांचे नवे फोटो मिळतील, पण मोडकी खिडकी कोणी दुरुस्त करणार नाही.

सातव्या पिढीचा आयथ्री विंडोज ११ च्या यादीत नाही, इंटेलमध्ये ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. (सातव्यातले एक-दोन अपवाद आहेत, त्यात तुमचा नाही.)

पेंग्विनप्रेमी

म्हणूनच म्हटलं होतं.

नलूमावशी

मी कॉम्प्युटरमधली नाही, पण सांगते. आमच्या यांना मागे असंच झालं. अख्ख्या पडद्यावर निळं पान, भोंगा वाजतोय, बंदच होईना, आणि खाली फोन नंबर. यांनी लावला. पलीकडचा मुलगा इतका गोड बोलत होता! म्हणाला एक ॲप टाका म्हणजे मी इथून साफ करतो. टाकलं. मग म्हणाला दोन रुपये भरून दाखवा, खातं चालू आहे का बघतो. दुपारचे तीन वाजले होते. मी भाजी घेऊन आले तर माउसचा बाण आपापला फिरत होता आणि हे हात मांडीवर ठेवून बघत बसलेले.

मी आधी वायफायच्या डब्याचं बटण बंद केलं. मला तेवढंच सुचलं. मग भाच्याने १९३० ला, त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला सांगितला. लगेच लावला म्हणून काही पैसे बँकेत अडवले गेले, काही गेले. अँटीव्हायरस होता हो, विकतचा.

चौथी_सीट

मावशी, बटण बंद केलंत ते अगदी योग्य केलंत.

बाकीच्यांसाठी: ते भोंग्याचं पान म्हणजे ब्राउझरची फुलस्क्रीन असते. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ-४. पैसे गेले तर १९३०, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. लाजत बसू नका, पहिल्या तासाला किंमत आहे.

दादर_टीटी

अवांतर: मोबाइलवर सध्या लग्नपत्रिका आणि ट्रॅफिक चलनाच्या नावाने एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) येतायत. पत्रिका कधी एपीके नसते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांनी उघडली.

मूळ विषयावर: मी अजून अव्हास्टवरच आहे, पण एक विचारतो. डिफेंडर पुरतो हे ठरवतं कोण? मायक्रोसॉफ्टच ना?

चौथी_सीट

रास्त प्रश्न. जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट आहे, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज. दोघे वर्षभर चाचण्या घेतात, निकाल फुकट वाचायला मिळतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापराची सोय यांना प्रत्येकी ६ गुण देते. डिफेंडर गेली अनेक वर्षं तिथे वरच्या रांगेत असतो.

त्याच्या उण्या बाजू सांगतो, नाहीतर पेठी मला मायक्रोसॉफ्टचा दलाल म्हणतील. एक, तो क्लाउडवर फार विसंबतो. नेट बंद असेल तर लंगडतो, त्यामुळे जिथे नेट नाही आणि पेनड्राइव्ह मात्र फिरतात तिथे दुसरा बरा. दोन, साध्या हार्ड डिस्कवर पूर्ण स्कॅन लागला की पीसी घोरायला लागतो. ४ जीबी रॅम असेल तर अधिकच. त्याजागी एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, टाकली तर पीसीचा जन्म बदलतो, आणि अँटीव्हायरसच्या दोन-तीन वर्षांच्या पैशांत ती येते.

कोणाला डिफेंडर नकोच असेल तर फुकटात माझी दुसरी पसंती बिटडिफेंडर फ्री. रुमानियाची कंपनी. २०२१ च्या अखेरीस त्यांनी फुकटची आवृत्ती बंद केली होती, पुढच्याच वर्षी नवी आणली. अकाउंट उघडावं लागतं, पण खिडक्या कमी. मालवेअरबाइट्सची फुकटची आवृत्ती म्हणजे राखणदार नाही, बोलावल्यावर येऊन तपासणारा डॉक्टर. सुरुवातीला ते १४ दिवसांचा ट्रायल चालू करतात तो बंद करा. दोन राखणदार मात्र एकत्र ठेवू नका. एकमेकांच्याच खिशात हात घालतात आणि पीसी बसतो.

सदाशिव_पेठी

दलाल म्हणणार नव्हतो. सुचवल्याबद्दल आभार.

अंधेरी_लोखंडवाला

कॅस्परस्की राहिला. तोही फुकट मिळतो, पकड चांगली. २०२४ मध्ये अमेरिकेने स्वतःकडे त्याच्यावर बंदी घातली, कारण कंपनी रशियन. भारतात तशी बंदी नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

नऊ_बावन्नची_फास्ट

अपडेट, उशिरा देतेय. मधे मार्चअखेर होती.

चौथी_सीट यांनी सांगितल्याप्रमाणे २५६ जीबीची एसएसडी आणली. एवढे पैसे मीच घातले, कमिटीला कळवलेलं नाही. जुनी हार्ड डिस्क काढून ठेवली. नवं विंडोज १० होम टाकलं, प्रॉडक्ट की विचारल्यावर 'नाही' म्हटलं, आणि वायफाय जोडल्यावर दोन मिनिटांत 'डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटेड' असं आलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडले. मुदतवाढीची नोंदणीही झाली.

अँटीव्हायरस: डिफेंडर. बाकी काही नाही. आतमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' म्हणून एक कळ सापडली, मुळात बंद असते. चालू केली. अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये हात लावू देत नाही. पहिल्याच दिवशी त्याने बाबांच्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला अडवलं, ते यादीत घालून परवानगी द्यावी लागली. बाबांना हे फारच आवडलं. 'बघ, मला विचारतोय,' म्हणाले.

रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं वेगळं खातं करून दिलं. ॲडमिनचा पासवर्ड आईकडे आहे. आईने तो कुठे लिहून ठेवलाय ते बाबांना सांगत नाही.

कुर्ल्याचा_पिंटू

हे सगळ्यात भारी. अँटीव्हायरस म्हणजे आई.

लालबागचे_सेक्रेटरी

सर्वांस सप्रेम नमस्कार. या धाग्यातील 'बाबा' तो मी. मुलीने आज सदस्यत्व घेऊन दिले.

प्रथम खुलासा: मी अकरा ठिकाणी 'अलाऊ' दाबले नाही. जास्तीत जास्त चार. बाकीचे आपोआप झाले असावे.

दुसरे, दर महिन्याच्या एक तारखेस मी ती ६८ अक्षरांची ओळ नोटपॅडमध्ये सेव्ह करून पाहतो. दोन महिने झाले, दोन्ही वेळेस फाइल ताबडतोब जप्त. तारीख व वेळ वहीत लिहिली आहे.

तिसरे, शंका आहे. आमचे ऑडिटर दरवर्षी हिशेब पेनड्राइव्हवर मागतात. तो पेनड्राइव्ह ते कुठे कुठे लावतात देव जाणे. मागील खेपेस परत आला तेव्हा सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते. यंदा काय करावे?

चौथी_सीट

काका, स्वागत. पेनड्राइव्ह द्या, परत घेऊ नका. तोच परत हवा असेल तर लावल्यावर न उघडता उजवी क्लिक करून आधी स्कॅन, आणि शॉर्टकट दिसले तर त्यांवर डबल क्लिक अजिबात नको, ते दाबलं की तो व्हायरस चालू होतो. खऱ्या फायली तिथेच लपवलेल्या असतात, त्या बाहेर काढता येतात. सविस्तर लिहितो, पण त्यासाठी नवा धागा काढा, हा फार लांबला.

लालबागचे_सेक्रेटरी

काढतो. कोणत्या विभागात?